प्रश्न रुपयाचा नाही

आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या औषधांच्या दुकानात तीन पाट्या आहेत. ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय औषध मिळणार नाही’, ‘उधार मागू नये’ आणि ‘सुट्टे पैसे द्यावेत’. पहिली कायद्यासाठी लावलेली आहे, दुसरी पाहुण्यारावळ्यांसाठी. तिसरी तेवढी मनापासून लावलेली आहे. चिठ्ठी नसली तरी ‘डोकं दुखतंय ना, मग ही घ्या’ म्हणून गोळी मिळते. महिनाअखेरीला उधारीही चालते. पण सत्तेचाळीस रुपयांच्या औषधाला पन्नासची नोट काढलीत, की दुकानदार असा बघतो जणू आत्ताच आपण त्याच्या मुलीचं स्थळ नाकारून आलो.

‘‘तीन रुपये सुट्टे नाहीत.’’

‘‘बघा ना जरा.’’

तो बघतो. म्हणजे गल्ल्याचा खण चार बोटं उघडतो, आतला खणखणाट आपल्याला ऐकू येईल इतपत हात फिरवतो आणि खण बंद करतो. ‘‘नाहीत. काय देऊ?’’

किराणा दुकानात या ‘काय देऊ’चं उत्तर चॉकलेट असतं, औषधांच्या दुकानात खोकल्याची गोळी किंवा जखमेवरची चिकटपट्टी. आमच्या फ्रिजवर एका बरणीत अशा गोळ्या साठल्या आहेत. खोकला कुणालाच नाही. पट्ट्या तर इतक्या झाल्यात, की त्या वाया जाऊ नयेत म्हणून घरात कुणीतरी पडावं असं बायकोला वाटू लागलंय, आणि असं वाटलं की ती माझ्याकडेच बघते.

बरं, भांडायला जावं तर दुकानदाराचं वाक्य तयार असतं, ‘‘साहेब, तीन रुपयांसाठी काय एवढं!’’ तीन रुपये त्याच्याकडे राहिले तर ते क्षुल्लक, आपल्याकडे राहिले तर ती उधारी. आपलंही वाक्य ठरलेलं असतं, ‘‘प्रश्न तीन रुपयांचा नाही!’’ मराठी माणूस हे वाक्य जेवढ्या जोरात म्हणतो, तेवढा प्रश्न त्या तीनच रुपयांचा असतो.

अशा मनःस्थितीत असताना बातमी आली, की अमेरिकेनं पेनी पाडणं थांबवलं. १७९३ पासून पाडत आलेलं एक सेंटचं नाणं १२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत शेवटचं पडलं. कारण काय, तर एक सेंटचं नाणं पाडायला ३.६९ सेंट खर्च येत होता. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. आणि ही कोंबडी ते लोक बरीच वर्षं शिजवत होते.

नाणं थांबवलं, पण नाणं नसेल तेव्हा हिशेब कसा मिटवायचा, याचा देशभराचा नियम काही आधी केला नाही. मग काही दुकानांनी रक्कम गिऱ्हाइकाच्या बाजूनं कमी करून घ्यायला सुरुवात केली, आणि काही दुकानांत पाटी लागली, की शक्यतो नेमके पैसे द्यावेत. मला तर भरून आलं. योगासनं गेली, समोसा गेला, आता आमची ‘सुट्टे द्या’ची पाटीही साता समुद्रापार पोचली.

पेनीवर १९०९ पासून लिंकनची मुद्रा आहे. लिंकन तरुणपणी दुकानात कामाला असताना एका गिऱ्हाइकाकडून चुकून काही सेंट जास्त घेतले गेले, तर ते परत करायला तो मैलोन्‌मैल चालत गेला, अशी गोष्ट तिकडे सांगतात. ती मी आमच्या औषधवाल्याला मुद्दाम ऐकवली. त्यानं शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, ‘‘मग तेवढा वेळ गल्ल्यावर कोण होतं?’’

पुढे त्या शेवटच्या काही पेनींचा लिलाव झाला, आणि रस्त्यात पडलेली पेनी उचलायला ज्या देशात कुणाची कंबर वाकत नव्हती, तिथं त्यांच्यावर लाखो डॉलरच्या बोली लागल्या. नाणं चालेनासं झालं की ते मौल्यवान होतं. हे वाचून मी ताबडतोब घरातली जुनी नाणी शोधायला घेतली. पण त्याबद्दल पुढे.

कॅनडानं हेच सगळं आधी आणि शिस्तीत केलं होतं. शेवटची पेनी मे २०१२ मध्ये पाडली आणि फेब्रुवारी २०१३ पासून वाटपही थांबवलं. सोबत नियम दिला. रोख पैसे देताना बिलाच्या शेवटी १ किंवा २ सेंट आले तर सोडून द्यायचे, ३ किंवा ४ आले तर ५ करायचे, ६-७ आले तर ५ वर उतरायचं, ८-९ आले तर १० वर चढायचं. कार्डानं दिलेत तर मात्र नेमके. सरकारनं हे लोकांच्या सोयीसाठी केलं. आमच्या टोरांटोच्या वहिनीनं त्यातून गृहोद्योग उभा केला.

वहिनी बिलाच्या शेवटी १, २, ६, ७ आले की रोख देते, आणि ३, ४, ८, ९ आले की कार्ड काढते. एका खरेदीत जास्तीत जास्त फायदा दोन सेंट. पण वहिनी बिल होण्याची वाट बघत बसत नाही. ज्या वस्तूवर १३ टक्के कर लागतो तो ती मनातल्या मनात लावते, बेरीज करते, आणि शेवटी ३ येत असतील तर साबण ठेवून दुसरा साबण उचलते. तेवढा वेळ दादा बाहेर गाडीत असतो, आणि पार्किंगचं मीटर चालू असतं.

‘‘वहिनी, वर्षाचे किती वाचतात गं?’’ मी फोनवर विचारलं.

‘‘भाऊजी, प्रश्न पैशांचा नाहीये,’’ वहिनी म्हणाली. पुण्याहून जाऊन पंचवीस वर्षं झाली, पण माहेर सुटत नाही.

तसं पाहिलं तर ही विद्या तिला आमच्या आजीकडूनच आली असणार. १ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे दशमान पद्धत आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते, आता शंभर नवे पैसे झाले. म्हणजे एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे. आता सव्वा कुठून आणायचा? म्हणून तक्ते छापले. एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, दोन आणे म्हणजे १२, तीन आणे म्हणजे १९, चार आणे म्हणजे २५. सगळा देश तो तक्ता पाठ करत होता. आजीनं तो एकदाच वाचला आणि काकांना हाक मारली. तीन आण्यांचा जिन्नस एकदम आणला तर १९ पैसे पडतात, तोच एकेका आण्याचा तीनदा आणला तर १८. त्या महिन्यात काका एका आण्याचा गूळ, एका आण्याचे शेंगदाणे आणि पुन्हा एका आण्याचा गूळ असे वाण्याकडे खेपा घालत होते. चपलेचा अंगठा तुटला तो खर्च वेगळ्या वहीत.

आजी गेली, आणे गेले, नवे पैसे जुने झाले. ३० जून २०११ पासून पावली आणि तिच्या खालची सगळी नाणी कायद्यानंच बाद झाली. उरले आठ आणे. पन्नास पैशांचं नाणं अजूनही कायदेशीर आहे. रिझर्व्ह बँक म्हणते, ते चालतं. भाजीवाली म्हणते, चालत नाही. या दोघींत कुणाचं चालतं, हे मला बघायचं होतं.

जुन्या नाण्यांच्या त्या शोधात देव्हाऱ्याच्या खणातून पन्नास पैशांची बरोब्बर वीस नाणी निघाली होती. लाखो डॉलर सोडाच, चौकशी केल्यावर त्यांना कुणी साधा नमस्कारही करीना. मग मी कायदा वाचला. २०११ च्या नाणे कायद्यात साफ लिहिलंय, की पन्नास पैशांच्या नाण्यांत दहा रुपयांपर्यंतची रक्कम देता येते. वीस नाणी, दहा रुपये. कायद्यानं जणू आमच्या देव्हाऱ्याचा खण बघूनच कलम लिहिलं होतं. मी पिशवी घेतली आणि मंडई गाठली.

‘‘मावशी, कोथिंबीर कशी?’’

‘‘धाला जुडी.’’

मी जुडी उचलून पिशवीत टाकली आणि तिच्या गोणपाटावर वीस नाणी ओतली. तिनं हात लावला नाही. मिरच्यांवर पाणी मारायचं तिचं काम चालू होतं, त्यातले चार थेंब तिनं नाण्यांवरही मारले.

‘‘हे काय?’’

‘‘दहा रुपये. मोजून घ्या.’’

‘‘काका, हे न्हाई चालत आता.’’

‘‘का नाही? कायद्यानं चालतं. दहा रुपयांपर्यंत घ्यावंच लागतं.’’

‘‘दहापत्तूर?’’

‘‘हो.’’

‘‘आन अकरा झालं तर?’’

‘‘अकरा झाले तर नाही घ्यावं लागत.’’

‘‘मंग जुडी अकराला हाय,’’ मावशी म्हणाली आणि मिरच्यांकडे वळली.

मागे उभ्या असलेल्या बाईंनी ‘अहो, आटपा’ म्हटलं म्हणून मी नोट काढली. नोट बघितल्यावर जुडी पुन्हा दहावर आली आणि वर चार मिरच्या न मागता पडल्या. नाणी तिनं ओंजळीत गोळा करून माझ्या पिशवीत कोथिंबिरीवर ओतली. घरी आल्यावर त्यातलं एक निवडताना सापडलं नाही आणि चटणीत सापडलं.

दहाच्या नाण्याचं दुखणं आणखी निराळं. ते चांगलं भारदस्त, दोन धातूंचं नाणं. पण कुणीतरी पिल्लू सोडलं, की त्यावर दहा रेघा असतील तर खरं आणि पंधरा असतील तर खोटं. झालं. लोक रांगेत चष्मे काढून रेघा मोजायला लागले. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं, की बाबांनो, दहाच्या नाण्याचे आतापर्यंत चौदा नमुने काढलेत आणि चौदाही चालतात. यानं संशय मिटेल असं बँकेला वाटलं. आमच्या पानवाल्याचं म्हणणं, ‘‘चौदा? बघा, म्हणजे त्यांनाच नक्की माहीत नाही कुठलं खरं!’’

रिक्षाचं तर विचारूच नका. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई परिसरात रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये झालं. त्याआधी ते २३ होतं, त्याआधी २१, त्याहीआधी १८. पाचाच्या पाढ्यात बसेल असा एकही आकडा नाही. मध्ये २५ अगदी जवळून गेले, पण हात दाखवून कुणी थांबवलं नाही. मी तिसाची व्यवस्था करून उतरतो.

‘‘एक रुपया है क्या? पाच देता हूँ.’’

मी पाकीट बघतो, शर्टाचा खिसा बघतो, पिशवीचा तळ उपसतो. मागून बस भोंगा वाजवते. शेवटी चष्म्याच्या डबीत एक रुपया सापडतो आणि मी तो विजयी मुद्रेनं पुढे करतो. तोवर मीटर २७ वर गेलेलं असतं. आता एक रुपया देऊन हिशेब चुकतो, न देऊन तीन परत यायला हवेत, आणि तीन सुट्टे कुणाकडेच नसतात. ‘‘रहने दो ना साब,’’ तो माझ्या वतीनं म्हणतो आणि निघून जातो.

मोबाइलवरून पैसे द्यायची सोय झाली, तेव्हा वाटलं होतं, संपली कटकट. उलटंच झालं. बाजारात मेलेले पैसे फोनमध्ये जिवंत झाले. पूर्वी साडेसत्तेचाळीस झाले की वाणी सत्तेचाळीस घ्यायचा किंवा अठ्ठेचाळीस, आणि दोघंही त्यावर थोडे थोडे नाराज असायचे. आता मी मुकाट्यानं साडेसत्तेचाळीस पाठवतो आणि वाण्याच्या गल्ल्यावरचं ते डबडं सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात पुकारतं, ‘सत्तेचाळीस रुपये पन्नास पैसे प्राप्त झाले!’ रांगेतले सगळे वळून त्या पन्नास पैसेवाल्याकडे बघतात. आम्ही तिघं मित्र मिसळ खायला गेलो, बिल झालं २५०. एकानं भरलं आणि घरी पोचायच्या आत दोघांना निरोप आला, ‘प्रत्येकी ८३ रुपये ३३ पैसे पाठव.’ पाठवले. भेटला की तो अजून सांगतो, ‘‘त्या दिवशी वरचा एक पैसा मी सोसला.’’

पण हे सगळं किरकोळ वाटावं असा प्रसंग आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत घडला. ताळेबंदात एक ओळ होती, ‘राउंड ऑफ : ३ रुपये ४० पैसे’. गेली कित्येक वर्षं ती असते. यंदा दुसऱ्या मजल्यावरचे नाना निवृत्त झाले होते. सगळी नोकरी त्यांनी एका कचेरीच्या हिशेबखात्यात काढलेली.

‘‘खजिनदार, हे ३ रुपये ४० पैसे कुठे गेले?’’

‘‘नाना, ते कुठे जात नाहीत. प्रत्येक बिलाला वरचे पैसे इकडेतिकडे होतात, त्याची ती बेरीज.’’

‘‘इकडेतिकडे म्हणजे? इकडे किती आणि तिकडे किती?’’

खजिनदार तरुण आहे, सनदी लेखापालाची परीक्षा देतोय. त्यानं सांगितलं, की जीएसटीच्या कायद्यातसुद्धा पन्नास पैसे किंवा वर असतील तर पूर्ण रुपया धरतात, खाली असतील तर सोडतात. प्राप्तिकराचं खातं तर थेट दहाच्या पटीत येतं.

‘‘सरकार सोडतं म्हणून आपण सोडायचं?’’ नानांनी विचारलं. ‘‘सरकारला काय, पोटाला चिमटा बसतोय थोडाच!’’

सभा तापली. पाण्याच्या टाकीला गळती होती, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबत होती. हे विषय पत्रिकेवर चौथे आणि पाचवे होते आणि तसेच राहिले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, की ३ रुपये ४० पैशांना २४ बिऱ्हाडांनी भागलं तर माणशी काही येत नाही. नाना म्हणाले, येतं. चौदा पैशांच्या वर येतं. कुणीतरी वडा आणि चहा मागवला, त्याचं बिल नऊशे साठ झालं, ते एकमतानं मंजूर झालं. शेवटी अध्यक्षांचा धीर सुटला. त्यांनी खिशातून पाच रुपयांचं नाणं काढलं आणि टेबलावर आपटलं. ‘‘हे घ्या पाच रुपये. माझ्या पदरचे. मिटवा आता.’’

सगळे गप्प झाले. नाना नाण्याकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा वर सरकवला.

‘‘म्हणजे आता १ रुपया ६० पैसे जास्त झाले. ते कुठल्या खात्यात धरायचे?’’

सभा तहकूब झाली.

एवढा रुपयाचा तिरस्कार आणि एवढा रुपयाचा हव्यास एका जागी नांदतो, तो लग्नात. एरवी रुपया वर द्यावा लागला तर आपल्या पोटात दुखतं. पण आहेराच्या पाकिटात पाचशे घातले की आपण अस्वस्थ होतो. पाचशे? गोल आकडा? शोभतं का! मग घरभर एक रुपयाचं नाणं शोधायचं. ज्या दिवशी मुहूर्त त्या दिवशी ते सापडत नाही. पाचशेएक झाल्याशिवाय नवऱ्या मुलाच्या अंगावर अक्षता टाकायला हात उचलत नाही. बाजारानं आपली ही अडचण ओळखली आणि वरती एक रुपया आधीच चिकटवलेली पाकिटं विकायला काढली. सोनेरी गणपती, खाली लाल कापडी फीत आणि मधोमध डिंकानं बसवलेला चकचकीत रुपया.

या लग्नसराईत आमच्याकडे सात आमंत्रणं होती. स्टेशनजवळच्या दुकानात मी सात पाकिटं घेतली. सात रुपयांना एक, एकोणपन्नास झाले. मी पन्नासची नोट दिली.

‘‘एक रुपया सुट्टा नाही,’’ दुकानदार म्हणाला.

मी त्याच्या डोक्यामागे बघितलं. भिंतभर दोऱ्यांना पाकिटं लटकवलेली होती. प्रत्येकावर एक रुपया. दोनशे तरी असतील. पंख्याचा वारा आला की सगळी भिंत चमकत होती.

‘‘अहो, एवढे रुपये तर मागे लावलेत!’’

‘‘ते पाकिटाचे. ते सुट्टे कसे होतील? डिंक आहे.’’

‘‘मग?’’

तो विचारात पडला. मग त्याचा चेहरा उजळला. ‘‘असं करा, अजून एक पाकीट घ्या. त्यावर रुपया आहेच. तुमचा एक माझ्याकडे, पाकिटाचे सात, म्हणजे वर फक्त सहा द्या. हिशेब साफ.’’

मला ते पटलं. मी आठवं पाकीट घेतलं आणि दहाची नोट दिली. त्यानं ती गल्ल्यात टाकली, खण चार बोटं उघडा ठेवून आत हात फिरवला आणि मान वर केली.

‘‘चार रुपये सुट्टे नाहीत.’’